शॉवरची लाइन भिंतीत: जीआय की सीपीव्हीसी?

सोलापुरात नव्या शॉवरसाठी भिंतीला झिरी मारायची ठरली की पहिला प्रश्न पाइपचा. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, त्याची ताकद खरी. पुढे कुणी खिळा ठोकला तरी सहज भोक पडत नाही. पण बोअरच्या जड पाण्याने आतून गंज चढतो, क्षार साचतात, धार बारीक होते, आणि तोवर वर टाइल्स लागलेल्या असतात. सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप, तो गंजत नाही, ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो, म्हणजे गच्चीवरच्या सोलरलाही चालतो. (साधा पांढरा यूपीव्हीसी गरम लाइनला नकोच, दुकानदार काहीही म्हणो.) माझा कौल सीपीव्हीसीला, एसडीआर ११ चा (म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास त्याच्या जाडीच्या ११ पट). जोड चिकटवायचं सोल्युशन नीट वाळू द्या, प्लास्टरआधी प्रेशर टेस्ट घ्या. शॉवरच्या तोंडाशी पितळी आट्यांचा एल्बो लावा. प्लास्टिकचे आटे आवळताना चिरतात.