एनजीएमए मुंबई: गोल भिंतींवरची चौकोनी चित्रं

काळा घोड्याला चित्रं बघायला जाणारे बरेच जण जहांगीर कलादालनात शिरतात आणि समोरच्या एनजीएमएला, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला, टांग देतात. जहांगीर फुकट आहे आणि इथे तिकीट आहे, हे एक कारण. पण भारतीय प्रौढांना ते फक्त २० रुपये आहे, तेव्हा सबब तोकडीच. खरी अडचण इमारतीची आहे, आणि मजाही त्या इमारतीतच आहे.

ही वास्तू म्हणजे १९११ सालचं सर कावसजी जहांगीर सभागृह, आराखडा जॉर्ज विटेटचा. इथे सभा झाल्या, मैफली झाल्या. पुढे आतला भाग पोखरून, जिन्याने जोडलेल्या अर्धगोल दालनांची उतरंड रचली गेली आणि १९९६ मध्ये संग्रहालय सुरू झालं. बाहेरून दगडी, शांत. आत शिरलात की शंखात शिरल्यासारखं वाटतं.

आता भिंतींचं गणित. चित्राची चौकट सरळ, भिंत वळलेली. आतल्या बाजूला वळणाऱ्या भिंतीवर चित्र टांगलं की दोन उभ्या कडा टेकतात आणि मध्ये पोकळी राहते. भिंतीची त्रिज्या समजा १० मीटर धरली, तर ६ फूट रुंदीच्या कॅनव्हासमागे मधोमध सुमारे ४ सेंटीमीटर. रुंदी दुप्पट केली की पोकळी चौपट, म्हणजे जवळजवळ १६ सेंटीमीटर. बाहेर फुगणाऱ्या भिंतीवर उलटं होतं: मधला भाग टेकतो, कडा अधांतरी राहतात, नीट पाचर मारली नसेल तर चित्र डुलतं. अशा ठिकाणी सरळ फळ्या उभ्या करून त्यांच्यावर टांगणं हा सोपा उपाय, पण त्यात आधीच चिंचोळी असलेली जागा आणखी खाल्ली जाते.

याचा फटका मोठ्या कामांना बसतो. चित्र एका नजरेत मावायला त्याच्या कर्णाच्या दीडपट तरी मागे सरावं लागतं. १० फुटी कॅनव्हाससमोर तेवढं मागे सरायचं म्हणजे पाठ कठड्याला लागायची! उलट छोटी रेखाटनं, मुद्राचित्रं (प्रिंट्स), छायाचित्रं इथे खुलतात, कारण वळणामुळे एका वेळी दोन-तीनच समोर येतात आणि पुढचं दडलेलं असतं. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या कामाचं २०१९ मधलं सिंहावलोकनी प्रदर्शन इथेच झालं. उद्घाटनाला अमोल पालेकरांचं भाषण मध्येच अडवलं गेलं आणि त्याचीच चर्चा जास्त झाली, चित्रांची कमी.

कागदावरच्या कामांच्या दालनात 'लाइट कमी आहे' म्हणून कुरकुर करू नका. कागद आणि जलरंग उजेडाने विटतात, म्हणून तिथे साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवायचा संकेत आहे. तैलरंगांना १५० ते २०० चालतो. दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. काचेत स्वतःचाच चेहरा दिसत असेल तर एक पाऊल तिरपं व्हा. व्हिडिओ किंवा ध्वनी असलेली मांडणी असेल तर मात्र सावध: घुमटाखाली आवाज गोळा होतो आणि शेजारच्या दालनातलं शांत काम बिचारं गुदमरतं.

फेरी कशी मारावी? वर चढताना भिंतीवरचा मजकूर वाचून घ्यावा, घुमटापाशी थोडं टेकावं आणि उतरताना फक्त बघावं. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर काउंटरवरच लिफ्टची चौकशी करा. दीड तास पुरतो. निघण्याआधी प्रदर्शन चालू आहे ना, हे तपासा. इथे सगळा भर बदलत्या प्रदर्शनांवर असतो आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत दालनं रिकामी मिळू शकतात. तसं झालंच तर पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक कलासंग्रहाचं दालन आहे.

वार मंगळवार ते रविवार यांतलाच धरा. सोमवारी एनजीएमए बंद. जहांगीर उघडं असतं, पण तिथली प्रदर्शनं मंगळवार ते सोमवार अशी चालतात, त्यामुळे सोमवारी उशिरा पोचलात तर चित्रं भिंतीवर कमी आणि बबल रॅपमध्ये जास्त दिसतील.