पित्ताची औषधं: खानावळीवाल्या बाईचा अनुभव

माझी मालवणात खानावळ आहे. मे महिन्यात पर्यटकांची गर्दी झाली की माझं दुपारचं जेवण चारला आणि रात्रीचं अकरा वाजून गेल्यावर. शिवाय चव बघता बघता बांगड्याचं तिखलं पोटात जातंच. जेवून लगेच पाठ टेकली की आंबट पाणी थेट घशाशी. त्यामुळे मेडिकलमध्ये पित्तावर जे मिळतं त्यातलं बहुतेक घेऊन झालंय, आणि पित्ताची औषधं सगळी एकच असं लोक म्हणतात ते मला मुळीच पटत नाही.

ढवळून प्यायचं गुलाबी सिरप जळजळ पाच-दहा मिनिटांत शमवतं. भर गर्दीत मला तेच लागतं. पण ते पोटात आधीच असलेलं आम्ल मारतं, नवं तयार व्हायचं थांबवत नाही, म्हणून तासा-दोन तासांत पुन्हा जळजळ. त्यातल्या मॅग्नेशियमने माझं पोट ढिलं होतं. ॲल्युमिनियम जास्त असलं की सासूबाईंना शौचाला कडक होते. त्यांची थायरॉईडची गोळी आणि हे सिरप यांत चार तासांचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. फसफसणाऱ्या सोड्यात सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी तो जपूनच घ्यावा.

रात्रीच्या त्रासाला मला सगळ्यात मानवलं ते अल्जिनेटचं सिरप. त्याबद्दल इथे फारसं कोणी बोलत नाही. जेवणानंतर घेतलं की पोटातल्या अन्नावर त्याचा जाडसर तवंग धरतो आणि आडवं झालं तरी आम्ल वर चढत नाही. चव खडूसारखी, पण झोप लागते. सोडियम यातही असतं.

पूर्वी घरोघरी रॅनिटिडीन ही आम्ल कमी करणारी गोळी असायची. तिच्यात एनडीएमए हा कर्करोगाचा धोका असलेला घटक सापडल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं, २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली आणि २०२२ मध्ये आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली. तिच्याच जातीची फॅमोटिडीन मात्र चालू आहे. तासाभरात लागू पडते, रात्र काढते. रोज घेतली की काही दिवसांत तिचा जोर कमी होतो, म्हणून अधूनमधून त्रास होणाऱ्यालाच ती बरी.

सगळ्यात जोरदार पँटोप्राझोल आणि ओमेप्राझोल या गोळ्या. पोटात आम्ल तयार करणारा पंपच त्या बंद करतात. पण लोक त्या जेवल्यावर, जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि गुण नाही म्हणतात. सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, आणि पुरता गुण यायला तीन-चार दिवस जातात. मला सुरुवातीला डोकं दुखायचं, ते आपोआप थांबलं. डॉक्टर सहसा चार ते आठ आठवड्यांसाठी देतात. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं मोडायचा धोका वाढू शकतो. दीर्घकाळ घेऊन एकदम सोडली तर आम्ल उसळून येतं, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. डोम्पेरिडोन हे उलटी-मळमळीचं औषध घातलेली जोडगोळी तर काउंटरवर मागून घेऊच नये. हृदयाच्या ठोक्यांवर तिचा परिणाम होऊ शकतो.

आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा शेजारी म्हणाले, "सोडो घे, पित्त जातला." घाम फुटला होता, कळ डाव्या हातात उतरत होती. आम्ही सोडा न देता गाडी काढली, गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातली. आता ते क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी घेतात. ओमेप्राझोलने तिचा परिणाम कमी होतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना पित्तासाठी पँटोप्राझोल लिहून दिली. चिठ्ठी घेऊन गेल्यावर मेडिकलवाला "दोन्ही सारख्याच" म्हणत ओमेप्राझोल पुढे करतो, तेव्हा मी ती परत करते आणि चिठ्ठीवरचंच नाव मागते.