मेपलच्या पाकिटात मुळ्याचं बी: 1,828 रुपयांना बसलेला फटका

‘बोन्सायचं बी’ नावाची वस्तू जगात नाही. बोन्साय ही उथळ कुंडीत झाड छोटं ठेवून वाढवण्याची रीत आहे, जात नव्हे. बी असतं ते मेपलचं, पाइनचं, चिंचेचं, वडाचं. एवढं ज्याला ठाऊक आहे तो फसणार नाही असं वाटतं ना? आम्हीही तेच समजत होतो. म्हणूनच हे लिहिताना लाज वाटते आणि रागही येतो.

आम्ही संकेतस्थळावरून मागवलेल्या बोन्साय किटची किंमत 1,299 रुपये, घरपोच पाठवणं आणि रोख देण्याचा आकार मिळून 80. त्यात तीन पाकिटं होती: जपानी लाल मेपल, साकुरा (जपानी चेरी) आणि जपानी ब्लॅक पाइन. सोबत प्लास्टिकचा उथळ ट्रे, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) वड्या आणि झाडाला वळण द्यायला थोडी ॲल्युमिनियमची तार. कोणी म्हणेल, महाराष्ट्राच्या उन्हात मेपल कशाला? रोपं इथे ठेवायचीच नव्हती, ती हिमाचलात सोलनला नातेवाइकांकडे जाणार होती आणि तिथे मेपल मजेत वाढतो. निळ्या किंवा सप्तरंगी मेपलचे रंगवलेले फोटोही या विक्रेत्याने टाकले नव्हते. तसे फोटो दिसले तर पुढचं काही वाचूच नका, निळ्या पानांचा मेपल अस्तित्वात नाही.

मेपलच्या बीला पंख असतो. पाकिटातल्या बियांना तो नव्हता. विचारल्यावर उत्तर आलं, ‘पंख काढून पाठवतो, जागा वाचते.’ हे पटण्यासारखंच होतं, कारण पंख काढलेलं मेपलचं बी खरोखर विकलं जातं. पाकिटात होते तांबूस, ओबडधोबड गोल दाणे. खऱ्या मेपलचा दाणा त्याहून मोठा आणि एका बाजूला पंख मोडल्याची कड असलेला असतो. ती कड भिंगातून बघा, नखाने चाचपा. कड नसेल तर पाकीट तिथेच बंद करून परत पाठवा.

पण खरी खूण बियांत नव्हती, माहितीपत्रकात होती. तिन्ही जातींना एकच सूचना: ‘बी 24 तास कोमट पाण्यात भिजवा, ट्रेमध्ये पेरा, 7 ते 15 दिवसांत अंकुर.’ ज्याने आयुष्यात एकदाही मेपल उगवला आहे तो असं लिहूच शकत नाही. जपानी मेपलचं बी भिजवून, ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये मिसळून, झिपच्या पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात साधारण 4 अंशांवर 90 ते 120 दिवस ठेवावं लागतं. साकुरालाही अशीच लांब थंडी लागते. ब्लॅक पाइनचं 30 ते 60 दिवसांत भागतं. थंडी मिळाल्याशिवाय मेपल-साकुराच्या बियांची झोप मोडत नाही. ते माहितीपत्रक हातात होतं, वाचलं होतं, आणि छापणाऱ्याचं अज्ञान समजून बाजूला ठेवलं गेलं. ते अज्ञान नव्हतं. ज्याला पाकिटात काय भरलंय हे ठाऊक होतं त्याने त्या बियांपुरतं अगदी बरोबर लिहिलं होतं!

आणि इथेच या धंद्याची मेख आहे. माल परत करायची मुदत 7 दिवस. नीट पद्धतीने मेपल उगवायला तीन-चार महिने. म्हणजे जो शास्त्रशुद्ध काम करतो, बी फ्रिजमध्ये ठेवून धीर धरतो, त्याची मुदत बी पिशवीत असतानाच संपते. नवखा माणूस चौथ्या दिवशी अंकुर बघून खूश होतो, पाच तारे देऊन मोकळा होतो. त्या पाच ताऱ्यांवर पुढचे दहाजण पैसे भरतात. परीक्षणं वाचायची तर सहा महिन्यांनी लिहिलेली वाचा. ‘पॅकिंग छान, लगेच कोंब आले’ हे मेपलच्या बाबतीत कौतुक नसून पुरावा आहे.

फ्रिजमधल्या मेपलच्या पिशवीत थंडीचा काळ निम्माही झाला नव्हता तेव्हाच पांढरे कोंब दिसले. मातीत लावल्यावर वर आली ती हृदयाच्या आकाराची, टोकाशी खाच असलेली दोन पानं. मेपलची पहिली जोडी लांबट पट्टीसारखी असते आणि त्यानंतरची पानं दातेरी. हा सरळ मुळा होता. पाइनच्या पाकिटातून काय आलं? पाइनचं रोप उगवतं तेव्हा सुयांसारख्या बीजदलांचं, म्हणजे अगदी पहिल्या पानांचं, एक वर्तुळ उघडतं, दोन रुंद पानं कधीच नाही. इथे दोन पानं आली आणि मागाहून कातरलेली पपईची पानं. वाळवलेलं पपईचं बी काळं, सुरकुतलेलं, पाइनच्या आकाराच्या जवळ जाणारं असतं. साकुराचं काहीच उगवलं नाही.

फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचा पुढचा डाव सुरू. बदली बी हवं असेल तर आधी त्यांचं ‘अंकुर बूस्टर’ वापरल्याचं बिल दाखवा, तशी अट आहे म्हणे. बूस्टर 449 रुपये. ते घेतलं ते बूस्टरवर विश्वास होता म्हणून नव्हे, दाव्याचा कागद पुरा व्हावा म्हणून. मग मागणी आली 999 रुपयांच्या ‘तज्ज्ञ व्हिडिओ सल्ल्याची’. तिथे थांबलो. 1,299 अधिक 80 अधिक 449, एकूण 1,828 रुपये. बदली मागताना जो आणखी पैसे मागतो तो बदली देणार नसतो.

आता तक्रारीची दारं. ज्या संकेतस्थळावरून माल घेतला त्याचा तक्रार निवारण अधिकारी असतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. पोच आली. निवारण म्हणून ‘परतीची मुदत संपली आहे’ एवढं एक वाक्य आलं, तेही यंत्राने पाठवलेलं. पोलीस चौकीत बियांचं नाव काढताच समोरच्याने वही मिटली. रक्कम लहान, दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. एकाच माणसाचे 1,828 असतील, पण हाच माल किती घरांत गेला असेल, याचा विचार कोण करणार? 

सगळ्यात चीड आली कृषी कार्यालयात. 1966 च्या बियाणे कायद्यात अन्नधान्य, तेलबिया, फळं, भाज्या, कापूस, चारा, ताग यांचं बी येतं. शोभेची झाडं येत नाहीत, म्हणून तक्रार घेता येत नाही. बरं, पाकिटात मुळा आणि पपई निघाली, म्हणजे भाजी आणि फळ! तर म्हणाले, लेबलवर मेपल लिहिलंय, आम्ही लेबल बघतो. लेबल खोटं आहे हीच तक्रार असताना लेबल खोटं असल्यामुळेच तक्रार घेता येत नाही, हे कुठल्या शहाण्या माणसाच्या डोक्यात बसेल? जपानी बी म्हणून विकता तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र कुठे आहे, हे तरी विचारा म्हटलं. विलग्नवासाचं, म्हणजे क्वारंटाइनचं काम दुसऱ्या खात्याचं, असं उत्तर. प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचा पत्ता मिळाला. 2020 मध्ये अनोळखी परदेशी बियांची पाकिटं टपालाने येत होती तेव्हा केंद्रीय कृषी मंत्रालयानेच सावध राहायला सांगितलं होतं. बी चुकीचं असलं की रोग आणि तण घरात येतं, हे सरकारला तेव्हा कळत होतं.

तुम्ही अडकला असाल तर बी फेकू नका. पाकीट, लेबल, न पेरलेल्या बिया, बिल, संभाषण सगळं ठेवा, आणि पाकीट उघडतानाच न थांबता व्हिडिओ काढा. पाकिटावर काढणीचा महिना-वर्ष, बियांची संख्या आणि पॅक करणाऱ्याचा पूर्ण पत्ता नसेल तर घेऊच नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील करायची सक्ती नाही.

बीपासूनच बोन्साय करायचं असेल तर 1,299 रुपये कशाला? चिंचोके घ्या, यंदाच्या चिंचेचे, न भाजलेले. सालीची एक बाजू सँडपेपरवर पांढरा गर दिसेपर्यंत घासा, 24 तास कोमट पाण्यात ठेवा, फुगतील तेवढेच घ्या आणि दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरा. मातीचं मिश्रण असं: दोन भाग 3 ते 5 मिलिमीटरचा चाळलेला वीटचुरा, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. विटेची बारीक पूड चाळून बाहेर काढाच, नाहीतर पावसाळ्यात चिखल होतो आणि मुळं सडतात. एक-दोन आठवड्यांत कोंब येतो. रोज भिजवलंत तर कोवळं खोड मातीलगत काळं पडून रोप कोलमडतं. वरचा थर कोरडा वाटला तरच पाणी द्या. विलायती चिंच याहून लवकर उगवते. गोरखचिंचेचं टणक बी घासून गरम पाण्यात रात्रभर ठेवावं लागतं.

आणि तो किटमधला उथळ ट्रे बाजूला ठेवा. रोप त्यात लावलं की खोड काडीसारखंच राहतं. पहिली तीन-चार वर्षं आठ-दहा इंची कुंडीत किंवा जमिनीत मोकळं वाढू द्या. पहिल्या कुंडीबदलाला सोटमूळ छाटा, म्हणजे मुळं चहूबाजूंनी पसरतात. तार खोडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी घ्या आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तपासा, त्या दिवसांत ती सालीत रुतायला वेळ लागत नाही. दाखवण्याजोगं झाड व्हायला पाच ते दहा वर्षं लागतात. ‘90 दिवसांत बोन्साय’ म्हणणाऱ्याचा फोनच घेऊ नका.

आमचा अर्ज ग्राहक आयोगात दाखल आहे. त्याच फोटोंचं, त्याच माहितीपत्रकाचं किट आता दुसऱ्या नावाने 1,499 रुपयांना विकलं जातंय. ‘7 ते 15 दिवसांत अंकुर’ ही ओळ तशीच आहे.