भीमाशंकर, भर पावसात, दोघंच: शिडी घाट की गणेश घाट?

कर्जत किंवा नेरळहून कशेळेमार्गे खांडसला उतरलं की भीमाशंकरची भिंत समोर उभी असते, निदान ढग बाजूला झाले तर. खांडसपासून सुमारे 800 मीटर चढून घाटमाथ्यावर जायचं आहे. गावापुढे साधारण दोन किलोमीटरवर पूल लागतो आणि वाटा तिथेच फुटतात. डावीकडची शिडी घाटाची, पूल ओलांडून जाणारी गणेश घाटाची. हिवाळ्यात कुठलीही धरा, फारसं बिघडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र या फाट्यावर विचार करत उभं राहायला नको, निर्णय घरूनच झालेला बरा.

आधी बंदीचं पाहा. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे आणि वनविभागाचे आदेश निघतात आणि त्यात कधी कधी या दोन्ही वाटा बंद केल्या जातात. निघण्याच्या आदल्या दिवशी खांडसमधल्या एखाद्या वाटाड्याला फोन करा. बंदी आहे का आणि ओढ्याला पाणी किती, ही दोन्ही उत्तरं तिथेच मिळतात. बंदी असेल तर पुढची तुलना वाचायची गरज नाही, थेट शेवटच्या परिच्छेदावर या.

शिडी घाट जवळचा आहे. सवयीची जोडी तीन-चार तासांत माथ्यावर पोचते. पण हा वेळ कोरड्या दिवसाचा. वाट नाळेतून, म्हणजे पाणी उतरतं त्याच घळीतून वर चढते आणि तीन लोखंडी शिड्यांनी कातळाचे टप्पे पार करते. खरी गोम शिड्यांत नाही, त्यांच्या मधल्या आडव्या कातळात आहे. पाऊलभर रुंदीची जागा, एका बाजूला दरी, हाताला धरायला खाचा आणि खडकावर शेवाळ. शिडीला निदान कठडे असतात, इथे काहीच नसतं. बहुतेक लोक शिडीला घाबरतात आणि इथे बेसावध राहतात.

जोर वाढला की शिडीवरच पाणी कोसळायला लागतं. वर बघता येत नाही, पुढच्या माणसाच्या बुटाखालून सुटलेला दगड थेट तुमच्याकडे येतो. म्हणून एका शिडीवर एकावेळी एकच जण. दुसऱ्याने खाली सरळ रेषेत नाही, बाजूला थांबायचं. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत, चौथाच हलवायचा. पाँचो, म्हणजे अंगावरून सोडायचा सैल रेनकोट, घालून शिडी चढू नका. त्याचा घोळ पायाखाली येतो आणि पुढची पायरी दिसत नाही. कमरेपर्यंतचं जॅकेट घाला, भिजलात तरी चालेल.

शनिवार-रविवारी आणखी एक गंमत होते. मोठे ग्रुप शिड्यांपाशी अडकतात, रांग लागते आणि चिंब अंगाने तासभर एका जागी उभं राहावं लागतं. चालताना जाणवत नाही ती थंडी तिथे हाडात शिरते. जवळची वाट म्हणून शिडी घाट घेतला आणि वाचलेला वेळ रांगेत गेला, असं सर्रास होतं.

गणेश घाट लांबचा. पावसात पाच-सहा तास धरा. सुरुवातीला गणपतीचं देऊळ लागतं, पुढे वाट पदरगडाच्या कुशीतून वळसा घेत पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर येते. कडा नाही, शिडी नाही. म्हणून ‘सोपा’ म्हणतात, पण पावसात त्याचे त्रास वेगळे. लाल माती साबणासारखी होते, विशेषतः उताराच्या तिरप्या पायवाटांवर. मध्ये छोटे ओढे आडवे येतात. पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ आणि पाचोळा वाहून आणणारं असेल तर उतरायचंच नाही, थांबायचं. सह्याद्रीतलं पाणी जितक्या झपाट्याने चढतं तितकंच पाऊस ओसरल्यावर उतरतं, अर्धा-पाऊण तास वाट पाहिली तर बरेचदा काम होतं. हातात हात घालून जोडीने ओढा ओलांडायचा मोह होतो. एक घसरला की दुसराही जातो. काठी टेकत, प्रवाहाकडे तोंड करून, एकेकाने.

दोन्ही वाटा पदरावर एकत्र येतात आणि तिथे धुकं ही खरी अडचण. गुरांच्या वाटा सगळीकडे फुटलेल्या असतात, दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी चहाची टपरी असते, आडवारी तिच्या भरवशावर राहू नका. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून फोनच्या पिशवीतच एक कोरडा रुमाल ठेवा. इथून माथ्यापर्यंत तास-दीड तासाची खडी चढण उरते, आणि ती या वाटेतली सगळ्यात देखणी. सदाहरित झाडांचं दाट छत, खोडांवर शेवाळ आणि आमरी (ऑर्किड), पाऊस थांबला तरी पानांतून ठिबकत राहणारं पाणी. शेकरूसाठी हे अभयारण्य 1985 मध्ये झालं खरं, पण भर पावसात शेकरू दिसेल अशी आशा ठेवू नका.

मग कुठली? दोघांपैकी जो बिचकतो किंवा हळू चालतो, त्याच्या मताने वाट ठरवा. सहा-आठ जणांच्या ग्रुपमध्ये कातळावर एखादा अडला तर वरून एक आणि खालून एक आधार देतो. दोघांत तसं होत नाही, आणि पाय मुरगळला तर दुसऱ्याला त्याला सोडून मदतीला धावावं लागतं. दोघांनीही ओला कातळ आधी केलेला असेल, आदल्या चोवीस तासांत पाऊस भुरभुर इतकाच असेल, वार आडवार असेल आणि गावातला वाटाड्या सोबत असेल, तरच शिडी घाट. यातली एक जरी अट चुकत असेल तर गणेश घाट. आणि शिडी घाटाने पावसात उतरायचं नाही, कितीही अनुभवी असलात तरी. चढताना नजर कातळावर असते, उतरताना पाय चाचपडत राहतो.

सामानाचं थोडक्यात. सॅकवरचं रेन कव्हर वाऱ्याने उडतं आणि त्याच्या तळाशी पाणी साठतं, त्यापेक्षा सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा. प्रत्येकी एक कोरडा टी-शर्ट, दोन लिटर पाणी, प्रत्येकाचा स्वतंत्र हेडटॉर्च. जीन्स नको. बूट नवेकोरे नकोत, तळ झिजलेलेही नकोत. ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज ट्रेकर्सच्या पसंतीत इतकी वर्षं टिकून आहेत ते ओल्या कातळावरच्या पकडीमुळे. दोर आणायचा तर बांधता येत असेल तरच, नाहीतर ते नुसतं ओझं आणि वर खोटा धीर. छत्री गणेश घाटाच्या खालच्या भागात पाँचोपेक्षा सोयीची पडते, शिडी घाटात ती सॅकमधून बाहेर काढूच नका.

सकाळी सातपर्यंत चालायला लागा आणि पदरावर पोचायलाच दुपारचा एक उलटून गेला तर पुढे न चढता तिथून गणेश घाटाने खाली उतरा. वर पोचल्यावर त्याच दिवशी परत खांडसला उतरण्यापेक्षा मंचरमार्गे पुण्याची एसटी धरलेली बरी. मात्र शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर आधी विचारून घ्या आणि मगच दर्शनाला जा, कारण देवळाकडे दोन-अडीचशे पायऱ्या उतरायच्या आणि थकल्या पायांनी तेवढ्याच चढायच्या असतात.

बंदी असेल, किंवा एकाचा गुडघा कुरकुरत असेल, तर पुण्याहून एसटीने थेट माथ्यावर जा आणि जंगल वरच्या वर बघा. गुप्त भीमाशंकरची वाट झाडीतून, ओढ्याच्या सोबतीने जाते आणि पावसात तीच जास्त पैसे वसूल करते. नागफणी या कड्याच्या टोकाला धारेवर वारा अंगावर येतो आणि ढगात दिसत काहीच नाही. उघडीप असेल तरच तिकडे वळा आणि कड्यापासून चार हात लांब राहा. त्या दिवशी या वाटा चालू आहेत का, तेवढं वनविभागाच्या नाक्यावर विचारा.