सिरॅमिक कोटिंगच्या नावाखाली 27,000 रुपये गेले, जुनी गाडी असलेल्यांनी नक्की वाचा

अजून राग जात नाहीये. पुण्यातल्या एका डिटेलिंग स्टुडिओने (गाडी पॉलिश करून चमकवणारे) सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर टिकणारा संरक्षक थर, करतो सांगून माझ्याकडून 27,000 घेतले आणि गाडीला नुसतं ग्लेझ, म्हणजे तात्पुरती चमक देणारं पॉलिश, फासून दिलं, वर बोनेटच्या कडेचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पॉलिशच्या मशीनने, बफरने, जाळला तो वेगळाच.

गाडी 2009 ची काळी होंडा सिटी, वडिलांनी घेतलेली. 15 वर्षं झाली तेव्हा 5,000 फी आणि वर ग्रीन टॅक्स भरून आरसी रिन्यू केली, इंजिन एकदम टकाटक आहे, म्हणून म्हटलं आता रंगाचंही बघू. बोनेट आणि रूफ उन्हाने पार निस्तेज झालेले, सोसायटीत टँकरचं पाणी त्यामुळे पांढरे डाग, आणि गाडी पुसणारा रोज धुळीवरच कोरडं फडकं फिरवतो म्हणून काळ्या रंगावर सगळ्या बारीक ओरखड्यांच्या जाळ्या. रिपेंट नको होता, कंपनीचा रंग तो कंपनीचा रंग.

रेट ठरला कोटिंगचे 22,500 आणि जुनी गाडी म्हणून पेंट करेक्शनचे, म्हणजे आधी ओरखडे घासून काढायचे, 4,500 वेगळे. 10,000 ॲडव्हान्स यूपीआयने, बाकी 17,000 कॅश. "पक्कं बिल घेतलंत तर 4,860 जीएसटी लागेल साहेब, वॉरंटी कार्ड देतोच ना." पाच वर्षांची वॉरंटी, नाईन एच, किल्ली ओढली तरी चरा पडणार नाही वगैरे. हे साफ खोटं आहे. नाईन एच हा पेन्सिलने करायच्या टेस्टचा आकडा असतो, किल्ली ओढली की चरा पडणारच. आणि हो, जिथे क्लिअर कोट पापुद्र्यासारखा निघायला लागलाय तिथे कुठलंच कोटिंग काही करू शकत नाही, होतं म्हणणारा सरळ फसवतोय.

आता जे मला रोज आठवतं ते. सकाळी दिलेली गाडी त्याच संध्याकाळी रेडी म्हणून फोन आला. आधी हाच माणूस म्हणाला होता की दोन दिवस लागतील! घ्यायला गेलो तर काउंटरवर कोटिंगचा तो छोटा काळा बॉक्स, आत 50 मिलीची बाटली, आणि तिच्या झाकणावरचं सील तसंच. न तोडलेलं. आणि मागे गाड्यांचं काम चालतं तिथे पोरगा पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमधून, ज्याच्यावर लेबलसुद्धा नाही, कसलंतरी दुधासारखं लिक्विड फोम पॅडवर ओतून दुसऱ्या गाडीला मारत होता. मी विचारलं, अगदी तोंडावर विचारलं, की सील तर फुटलेलं नाही. "ती उद्याच्या गाडीची आहे साहेब, तुमची बाटली संपली." गाडी लाइटखाली आरशासारखी चमकत होती, आई बाहेर रिक्षात थांबलेली, पैसे आधीच दिलेले, कोणीही तेच केलं असतं जे मी केलं. चावी घेतली आणि निघालो. पण ते सील डोळ्यासमोरून जात नाही.

थोड्याच वॉशमध्ये पाण्याचे मणी बनायचे बंद झाले, पाणी पसरायला लागलं, आणि जाळ्या जशाच्या तशा परत. दुसऱ्या एका डिटेलरने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावून दाखवलं, दरवाजावर 110 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि बोनेटच्या कडेला 64. ग्लेझमध्ये फिलर असतात, ते ओरखडे बुजवतात आणि शॅम्पूने धुऊन जातात. बोनेट रंगवायचे आता 5,500 सांगितलेत.

स्टुडिओवाला म्हणतो तुम्ही चुकीचा शॅम्पू वापरला. कार्डावरचा नंबर कोटिंगच्या कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की असा नंबर आमच्याकडे नाही, तो स्टुडिओही आमचा नाही, बस, पुढे काही करायची त्यांची इच्छा नाही, नाव त्यांचंच वापरलं जातंय तरी. पोलीस चौकीत गेलो तर म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे. अहो, सील न फोडता कोटिंगचे पैसे घेतले ही फसवणूक नाही तर काय, भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) फसवणुकीचं 318 कलम मग कशासाठी आहे? अर्जावर पोचसुद्धा द्यायला तयार नव्हते, "बिल आहे का" हाच एक प्रश्न, आणि एक जण तर म्हणाला एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च करायचाच कशाला. मी माझ्या गाडीवर किती खर्च करायचा हे विचारायला गेलो होतो का तिथे? यूपीआय ॲपवाल्यांचं ठरलेलं उत्तर, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.

वकील नोटिशीचेच 3,000 मागत होता. त्याची गरज नाही, जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, स्वतः ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते, मुदत दोन वर्षं. ग्राहक हेल्पलाइन 1915 पण आहे. मी व्हॉट्सॲप चॅट आणि यूपीआयची पावती जोडून टाकली आहे. त्यात "पाच वर्षं वॉरंटी" त्याने स्वतः टाइप केलेलं आहे, म्हणून सांगतो, फोनवर काही ठरवू नका, सगळं लिहून घ्या.

बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पॅनलचं मायक्रॉन रीडिंग घ्या, जुन्या गाडीचा क्लिअर कोट आधीच किती वेळा घासला गेलाय कोणाला माहीत, तो एकूण असतोच 40-50 मायक्रॉन. कोटिंगच्या आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसतात का बघा, त्याने फिलर निघून जातात आणि खरा रंग दिसतो, हे टाळणाऱ्याकडून गाडी तिथेच परत घ्या. सकाळी देऊन संध्याकाळी मिळतं ते सिरॅमिक नाही.

बोनेट निकाल लागेपर्यंत रंगवणार नाही, रीडिंगचे फोटो तारखेसकट काढून ठेवलेत. तो स्टुडिओ अजून रील टाकतोय, आता म्हणे ऑफरमध्ये 14,999.