कॉर्कच्या विटा आणि एक किलोचे पार्सल

गेली सहा वर्षे मी पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गाला जाते. या पद्धतीत वीट, पट्टा, लोड आणि खुर्ची यांना फार महत्त्व आहे, कारण ज्याचे शरीर एखाद्या आसनापर्यंत पोहोचत नाही त्यालाही ते आसन आधाराने नीट करता यावे, यासाठीच बी. के. एस. अय्यंगार यांनी ही साधने घडवली. म्हणूनच साधनांच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक मला केवळ पैशांची वाटत नाही.

कंबरदुखीसाठी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने मी घरी पिलाटेसचे, म्हणजे पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे, जमिनीवरचे व्यायाम सुरू केले, तेव्हा नवी साधने घ्यायचे ठरवले. समाजमाध्यमावरील एका विक्रेत्याच्या जाहिरातीत नैसर्गिक रबराची ५ मिलिमीटर जाडीची मॅट, कॉर्कच्या २ विटा आणि सुती पट्टा असा संच ३,९०० रुपयांना होता. मी मॅटचे वजन विचारले, तर ‘प्रीमियम क्वालिटी आहे, मॅडम’ एवढेच उत्तर आले. तिथेच मी थांबायला हवे होते. पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय नव्हती, त्यामुळे पूर्ण रक्कम यूपीआयने आधीच भरली.

पार्सलवरच्या कुरिअरच्या चिठ्ठीवर वजन छापलेले होते: १.०५ किलो. ते मी वाचले नाही. १८३ सेंटिमीटर लांब, ६१ सेंटिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अशी नैसर्गिक रबराची मॅट साधारण सव्वादोन ते अडीच किलोची असते आणि नेहमीच्या आकाराची कॉर्कची वीट अर्ध्या किलोच्या आसपास भरते. म्हणजे खरा संच तीन किलोंच्या वर जायला हवा. ईव्हीए फोमची, म्हणजे हलक्या कृत्रिम फोमची, तेवढीच मॅट मात्र अर्ध्या किलोतच आटोपते. जाहिरातीतल्या छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात, तराजूवर दिसत नाहीत.

पहिल्याच दिवशी अधोमुख श्वानासनात मॅट ताणली जाऊन हात पुढे सरकू लागले. नव्या मॅटवर सुरुवातीला असे होते, अशी मी स्वतःची समजूत घातली. चौथ्या दिवशी सेतुबंध सर्वांगासनात, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचललेली असताना, त्रिकास्थीखाली (कण्याच्या तळाच्या हाडाखाली) वीट उभी ठेवली असता तिचा वरचा कॉर्कचा पापुद्रा सुटला, वीट निसटली आणि मी कंबरेवर आदळले. त्यानंतर तीन आठवडे मला पुढे वाकता येत नव्हते. दुसरी वीट सुरीने कापून पाहिली, तेव्हा आत करडा फोम आणि बाहेर जेमतेम २ मिलिमीटर कॉर्क चिकटवलेला निघाला.

विक्रेत्याने ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असे कळवून माझा क्रमांक बंद केला. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता, मूळ देश, कमाल किंमत यांपैकी काहीही नव्हते, आणि आवेष्टित वस्तूंवर ही माहिती छापणे २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण ही हेल्पलाइन मध्यस्थी करते आणि विक्रेत्याचा पत्ताच नसेल तर मध्यस्थी कोणाशी करणार? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, परंतु तिथेही प्रतिपक्षाचा पत्ता द्यावाच लागतो. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि प्रत्येक वस्तूचे वजन लेखी मागून घ्यावे. ज्यांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबर ज्यापासून बनते त्या चिकाची, ॲलर्जी आहे त्यांनी तर मॅट नेमकी कशाची आहे हे कळल्याशिवाय तिला हातही लावू नये. पार्सल उघडताना चिठ्ठीवरच्या वजनासह चित्रीकरण करावे. माझ्याकडे ते नव्हते.

माझे पैसे परत आलेले नाहीत. विटांखाली घडी केलेला निळा पट्टा असलेले तेच छायाचित्र परवा मला दुसऱ्याच नावाच्या पानावर दिसले आणि आता त्या संचाची किंमत ३,४०० रुपये आहे.