अकरा महिने, जवळजवळ दर शनिवारी: फतेगंजातला पिझ्झा

पहिल्यांदा गेलो ते गेल्या नवरात्रात, गरब्याहून परतताना, रात्री साडेबाराला. पिझ्झा मधोमध कच्चा होता. तरीही पुन्हा गेले, कारण कडेचा एक घास तोंडात राहिला होता: भाजलेल्या, ताज्या पावाचा. त्यानंतर मी, आई आणि दहावीतला भाचा जवळजवळ दर शनिवारी तिथेच जेवतोय. चाळीसेक वेळा झालं असेल. नाव मुद्दाम लिहीत नाही. टेबलं नऊच आहेत आणि शनिवारी ती अशीही रिकामी नसतात. फतेगंजात राहणारे ओळखतील.

आपल्याकडे बडोद्यात पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला तयार रोटला, त्यावर गोडसर सॉस, कांदा, सिमला मिरची आणि वर न वितळवलेल्या किसलेल्या चीजचा ढीग. मी त्याच पिझ्झावर वाढले आणि तो मला आजही आवडतो. पण त्यात रोटला फक्त वरचं सगळं धरून ठेवायला असतो. इथे खायची वस्तू रोटलाच आहे. मैदा दुकानातच मळतात आणि गोळे एक दिवस फ्रिजमध्ये मुरू देतात. थंडीत यीस्ट हळू काम करतं, त्यामुळे पिठाला चव यायला वेळ मिळतो. भट्टी गॅसची, तळाला दगड. नेपल्सचा पिझ्झा साडेचारशे अंशांच्या आसपास ६० ते ९० सेकंदांत होतो. इथे चार-पाच मिनिटं लागतात. म्हणून कड थोडी जास्त खरपूस होते, आणि भाच्याला नेमकी तीच हवी असते.

आईची गोष्ट वेगळी. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, कवळी लावते. इतर ठिकाणी ती मधला मऊ भाग खायची आणि कडा ताटात ठेवायची. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मालकांनी ताट उचलताना त्या कडा पाहिल्या आणि विचारलं, ‘बा, थोडुं पोचुं राखुं?’ म्हणजे जरा मऊ ठेवू का? तेव्हापासून तिचा पिझ्झा भट्टीच्या अगदी आत, जिथे आच सगळ्यात जास्त, तिथे लावतात आणि लवकर काढतात. कमी आचेवर रेंगाळला की रोटला वाळतो आणि कडक होतो, हे मला तेव्हा कळलं. काढल्यावर मिनिटभर वर झाकण ठेवतात, वाफेने कड मऊ पडते. आई आता अख्खा तुकडा खाते, कडेसकट. मी एवढं लांबलचक लिहायला बसले ते मुख्यतः यासाठी.

हीच वाफ पार्सलमध्ये वैरी होते. खोक्यात वीस मिनिटं राहिलेला पिझ्झा भाचा हातात धरू शकत नाही, टोक खाली लोंबतं. दोनदा घरी मागवला, पुन्हा नाही. घरी न्यायचाच असेल तर खोक्याचं झाकण थोडं उघडं ठेवा आणि पोचल्यावर तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन मिनिटं टाका, न झाकता.

वर्षभर खाल्ल्यावर ऋतूसुद्धा कळायला लागतात. जानेवारीत पीठ कमी फुगायचं, कड बुटकी आणि घट्ट यायची. मला ती तशीही आवडली. मे महिन्यात मात्र लागोपाठ दोन शनिवार रोटला आंबट आणि चपटा आला. बाहेर बेचाळीस अंश, आणि गोळे संध्याकाळपासून ओट्यावर मांडून ठेवलेले. मी काउंटरवरच्या बेनना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, एक तुकडा तोडून स्वतः खाऊन पाहिला आणि बिलातून तो पिझ्झा काढला. पुढच्या आठवड्यापासून गोळे चार-चार करून फ्रिजबाहेर येतात. तेव्हापासून आंबट लागलेला नाही.

त्या पहिल्या कच्च्या पिझ्झाचं कारणही आता ठाऊक आहे. गर्दीत भट्टीचं दार सारखं उघडं राहतं, एकामागून एक पिझ्झा लागतो आणि दगडाला परत तापायला वेळ मिळत नाही. वरचं चीज वितळतं, खालचा रोटला मात्र पांढरा राहतो. शनिवारी साडेआठनंतर हे अजूनही अधूनमधून होतं आणि वर चाळीस मिनिटं थांबावंही लागतं. सातच्या आत जा.

काय मागवावं? मार्गारिटा. १० इंची, २८० रुपये, जूनपर्यंत २६० होता. त्यावर फक्त मोझरेला असतं. मोझरेलाचा चक्का गरम पाण्यात ताणून केलेला असतो, म्हणून त्याला तार येते; प्रोसेस्ड चीज वितळतं, पण तार देत नाही. वरून किसलेलं चीज हवं का असं विचारतात, नको म्हणा. पनीरवाल्याचा सॉस फार गोड आहे. गार्लिक ब्रेड ठीक. सूप मागवू नका.

गाडी लावायला जागा नाही आणि भट्टीजवळची दोन टेबलं उन्हाळ्यात बसण्यासारखी नाहीत.

आता कांदेनवमीचं सांगते. आमच्याकडे आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. या वर्षी कांदेनवमीला घरी भजी न करता ती म्हणाली, चला फतेगंजला. शनिवार नव्हता तरी गेलो, आणि तिने कांद्याचा पिझ्झा मागवला, कडेपर्यंत कांदा पसरलेला. त्यानंतरच्या शनिवारपासून तिच्यासाठी जैन सॉस: टोमॅटो, तुळशीच्या जातीचं ते बेसिल आणि किंचित हिंग. पर्युषण असो नसो, तो सॉस इथे वेगळ्या भांड्यात रोज तयार असतो, चमचाही वेगळा. मला वाटलं होतं, आई चार महिने कसेबसे काढेल. पण लसणाविना टोमॅटोची चव जास्त कळते असं तिचं म्हणणं आहे, आणि चाखून पाहिल्यावर मलाही ते पटलं. परवा तिने मालकांना विचारलं, कार्तिकीनंतरही हाच सॉस मिळेल का. ते पीठ पसरत होते, मान वर न करता म्हणाले, ‘बा, तमारे माटे बारे महिना.’